न्हाणीची बाहेरची कडी

आक्का, परवा तुझा दहावा झाला. नीरेच्या काठी पिंड ठेवला, आम्ही दहा पावलं मागे सरलो असू-नसू, तेवढ्यात कावळा आला आणि शिवलासुद्धा. सगळ्यांना बरं वाटलं. हिर्डोशीहून आलेला आपला चुलतभाऊ म्हणाला, "सुटली बया. काय म्हनून ऱ्हायलं न्हाई तिचं." मंडळी ऊन तापायच्या आत घरी परतली.

मी मात्र खट्टू झालो. कावळा अडून बसला असता, तर पुढे होऊन बोलायचं एक वाक्य मी आठवडाभर मनात तयार ठेवलं होतं. "आक्का, न्हाणीच्या दाराची बाहेरची कडी काढून टाकतो," हे ते वाक्य. चार लोक हसले असते, हसू देत. पण तू ती वेळच येऊ दिली नाहीस. नऊ वर्षं 'कडी काढ, कडी काढ' म्हणून माझा पिच्छा पुरवलास, आणि मी कबूल करायला उभा राहिलो तर तुलाच घाई. म्हणून आता कागदावर बोलतोय. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तुझी पत्रं मीच वाचून दाखवायचो, तसं हेही लिहून झालं की एकदा मोठ्यानं वाचीन.

तू आमच्याकडे आलीस ती काही हौसेनं नाही. दाजी गेल्यावर वेल्ह्याची भातखाचरं तू बारा वर्षं एकटीनं केलीस. मूलबाळ नाही, दीर लांब, आणि कुणाला हाक मारायची नाही हा तुझा खाक्या. मग एका लावणीला बांधावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. गावच्या हाडवैद्यानं बांधला तो ताठच बसला. मी बैलगाडीत बाज टाकून तुला नसरापूरवरून भोरला आणलं. वाटभर तू एकच विचारत होतीस, "माज्या खाचरांचं काय?" ती वाट्यानं लावून दिली आहेत, असं मी सांगितलं, तेव्हा तू तोंड फिरवून घेतलंस.

त्या खुब्यानं तुला खाली बसता येईना की वाकता येईना. बाजेच्या कडेला नुसती टेकायचीस, तो पाय पुढे ताठ. हात मात्र शाबूत होते. उठताना तिचा हात धरलास तर तुझी भावजयच तुझ्याकडे ओढली जायची. अडचण होती ती अंघोळीची. आमची न्हाणी म्हणजे मागल्या दारी एक दगड, तीन बाजूंनी कूड आणि पुढे गोणपाटाचा पडदा. तू एका हातानं कुडाची मेढ धरून उभी राहायचीस आणि तुझी भावजय तांब्यानं पाणी घालायची, अंग चोळायची, लुगडं नेसवायची. ती तुझ्याहून वीस वर्षांनी लहान. ती कधी कुरकुरली नाही, तूही कधी काही बोलली नाहीस. मला वाटलं, चाललंय ते ठीक चाललंय.

मग एक दिवस तू न्हात असताना वाऱ्यानं तो पडदा उडाला आणि मागच्या वाटेनं माणसं चालली होती. त्या दिवशी जेवताना तू मला म्हणालीस, "सदा, दुनियेला नकाशे काढून देतोस आन् घरात गोनपाट." लागलं मला. संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून मिरवणारा माणूस मी. दुसऱ्याच दिवशी मी न्हाणीचा नकाशा काढला. दगडी भिंती, उताराची फरशी, पाणी जायला पक्की मोरी आणि सागवानी दार. तिथवर सगळं बिनबोभाट झालं. आत काय ठेवायचं, यावरून आपली जुंपली.

भाटघरला धरणावरच्या साहेबाच्या बंगल्यात मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या होत्या. एका न्हाणीघरात टब, म्हणजे माणूस लांब होऊन झोपेल एवढं लोखंडी घंगाळ. दुसऱ्यात फवारा, म्हणजे छताला टाकी आणि खाली झारीसारखं तोंड. दोरी ओढली की अंगावर पाणी. मी दोन्ही तुला समजावून सांगितलं. तुला विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही.

"वरनं पानी पडंल त्ये कर," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "अगं, टबात पाय वाकवावाच लागत नाही. पसरून पडायचं. दवाखान्याचे डॉक्टरही म्हणाले, गरम पाण्यात खुबा शेकला तर ठणका कमी होईल."

"मळ बी पान्यात आन् आपन बी पान्यात. म्हस हाय का म्या?"

इथं मी फसलो. मला वाटलं, अंगावरून पाणी वाहून गेल्याशिवाय अंघोळ झाली असं तुला वाटत नाही, तेवढीच काय ती अडचण. म्हणजे रीतीचा प्रश्न. आणि रीतीचा प्रश्न सोडवणं मला सोपं वाटलं. कामानिमित्त आंबवड्याला गेलो होतो, तिथल्या देवळाच्या गुरवालाच विचारून आलो. तो म्हणाला, लोक कुंडात बुडी मारून देवाला जातात, मग टबानं काय घोडं मारलंय? हे तुला येऊन सांगितलं, तर तू म्हणालीस, "कुंडाला झरा आसतोय." मग मी झऱ्याचीही सोय काढली. टबाच्या बुडाला बूच असतं, ते अर्धं उघडं ठेवायचं आणि वरून कुणीतरी घागरीनं पाणी ओतत राहायचं, म्हणजे पाणी वाहतं झालं! हे मी तुला कागदावर बाण काढून दाखवलं. तू कागदाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि पोट धरून हसलीस. ते हसू मी होकार समजलो.

साहेब विलायतेला गेला आणि बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा मी तो टब घेतला. ओतीव लोखंडाचा, आतून पांढराशुभ्र, खाली वाघाच्या पंजासारखे चार पाय. बैलगाडी आळीत शिरली तेव्हा अर्धी आळी दारात उभी होती. सहा माणसांनी तो उचलून न्हाणीत ठेवला आणि त्यानंतर मी दाराची चौकट बसवली, कारण चौकटीतून तो आत गेलाच नसता. दाराला बाहेरून कडी लावली. मागल्या दारी कुत्री फार, ओल दिसली की तिथं येऊन पडतात. तू काठी टेकत दार बघायला आलीस, आतून हात फिरवलास आणि विचारलंस, "हितं आतनं कडी न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "आतून कशाला? तू आत पडलीस तर आम्ही काय दार फोडायचं?"

तू बरं म्हणालीस आणि काठी टेकत परत गेलीस. आपल्या भांडणाचा खरा मुद्दा तेव्हाच तुझ्या तोंडून निघाला होता आणि मी त्यावरून सरळ चालत पुढे गेलो.

टबाचा पहिला दिवस मला आठवू नये असं वाटतं, म्हणून तो रोज आठवतो. तुला कडेवरून आत उतरवायला तुझी भावजय एकटी पुरेना, म्हणून तिनं शेजारच्या तान्हूबाईला हाक मारली. मी ओट्यावर बसून होतो, मोठा पराक्रम केल्यासारखा. आत जाणं जमलं. बाहेर येणं जमेना. आतला गुळगुळीत मुलामा ओला झालेला, तुझा पाय ताठ, दोघींच्या हातून तू निसटायला लागलीस. शेवटी तान्हूबाई रस्त्यावर धावली आणि भाजीची पाटी घेऊन चाललेल्या एका अनोळखी बाईला बोलावून आणलं. तिघींनी मिळून तुला काढलं. तू बाहेर आलीस ती लुगड्याचा पदर गळ्याशी घट्ट धरून. माझ्याकडे न बघता सरळ बाजेवर जाऊन आडवी झालीस.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, पडसं झालंय. तिसऱ्या दिवशीही पडसं. चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी मी कामावरून तापून आलो होतो आणि माझा तोल गेला. "एवढा आटापिटा कुणासाठी केला मी? तुला कशाचं म्हणून कौतुक नाही. नसेल पटत तर जा वेल्ह्याला. तिथं आहे तुझी वाहती नदी." चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या तुझ्या भावजयीचा हात थांबला. तू शांतपणे म्हणालीस, "जाईन की. गाडी जोड." गाडी कुणी जोडली नाही. पण बोललो ते बोललो. नऊ वर्षांत ते शब्द मी परत घेतले नाहीत, आणि तूही ते कधी काढले नाहीस.

त्यानंतर दोन दिवसांनी पेठेतला गफूरभाई पत्रेवाला दारात उभा राहिला. हातात घासलेटचा मोकळा डबा, त्याला खाली भोकाभोकाची चकती डाग देऊन जोडलेली, बाजूला साखळी, खांद्यावर कप्पी आणि दोर.

"ओव्हरसियर साहेब, कप्पी कंच्या तुळईला ठोकू?"

"कसली कप्पी?"

"बाईंनी सांगितलंय न्हवं. तुमच्या आक्कांनी. परवा सोता आल्या व्हत्या दुकानात."

घरापासून पेठ केवढी लांब! तू काठी टेकत, भिंतींना टेकत, कुणाला न सांगता गेली होतीस. आम्हाला वाटलं, शेजारी बसायला गेलीस. गफूरभाई मोठा कसबी माणूस. डबा खाली सोडायचा, गरम पाणी भरायचं, दोरानं वर ओढायचा आणि खुंटीला बांधायचा. साखळी ओढली की आतली कातड्याची झडप उघडते आणि चकतीतून पाणी पडतं. शिडी नको, वाकणं नको. एका हातानं भिंतीतला लाकडी दांडा धरायचा, दुसऱ्या हातानं साखळी. हे सगळं तुम्ही दोघांनी दुकानाच्या फळीवर खडूनं काढून ठरवलं होतं. माझ्या बाणांच्या कागदापेक्षा ते चित्र बरं असणार.

मी म्हटलं, "ठोका कप्पी. आणखी काय सांगितलंय बाईंनी?"

त्यानं खांद्यावरचा दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "राग मानू नका. डबा कसा बी कर म्हन्ल्या, पर दाराला आतनं कडी पायजे. म्या म्हन्लं, बाई, कडी म्हंजे सुताराचं काम, माजं न्हाई. तर म्हन्ल्या, मंग सुताराला बी तूच सांग. माज्या भावाला सांगून झालंय."

मी न्हाणीपाशी गेलो आणि ते दार नीट पाहिलं. मीच बसवलेलं दार. बाहेरून कडी, आतून कोरं. आक्का, तुला रीतभात काही आड येत नव्हती, टबाचंही वावडं नव्हतं. टबात उतरायला दोन माणसं लागतात आणि फवाऱ्याखाली एकटीला उभं राहता येतं, एवढाच हिशेब होता तुझा. अंघोळ होईपर्यंत तुला कुणाचे हात नको होते, कुणाची नजर नको होती. आणि हे सरळ सांगितलं तर भावजयीला वाटेल, माझ्या हातांचा वन्संना कंटाळा आला. तिचं मन मोडू नये म्हणून तू म्हशीचं निमित्त केलंस आणि मी त्या म्हशीच्या मागे आंबवड्यापर्यंत जाऊन आलो.

मला तेव्हा हिर्डोशीचा ओढा आठवला. आई नसल्यामुळे मला तूच न्हाऊ घालायचीस. मी सात वर्षांचा असताना एकदा हटून बसलो, आता मी एकटा न्हाणार, तू बघायचं नाही. दुसरी कुणी असती तर हसली असती. तू हसली नाहीस. दगडावर माझ्याकडे पाठ करून बसलीस आणि माझं होईपर्यंत एकदाही वळली नाहीस. एवढं मला मिळालं होतं, ते तुला द्यायचं माझ्या ध्यानात आलं नाही.

टब बाहेर काढायला नवी चौकट मोडावी लागली. सुतारानं ती पुन्हा बसवली तेव्हा आतून चांगली जाड कडी लावली. पहिल्या दिवशी तुझ्या भावजयीनं डबा भरून दिला, ती बाहेर आली आणि आतून कडी वाजली. डबा वर चढल्याचा आवाज आला, कप्पी कुरकुरली, मग पाणी. ही दारापाशीच उकिडवी बसली, मला म्हणते, "अवो, पडल्या बिडल्या तर?" मी म्हणालो, पडली तर दार फोडू. तू खूप वेळ लावलास. मधेच पाणी थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. बाहेर आलीस ती लुगडं स्वतः नेसून, जरा वाकडंतिकडं, केस ओले. "पानी बेस हाय," एवढंच म्हणालीस. मग हिच्या गालाला हात लावून म्हणालीस, "लई केलंस माजं. आता तुजं हात मोकळं." ती आत जाऊन रडली. तुला माहीत नसेल, म्हणून सांगतो.

टब गोठ्यात गेला. म्हशीनं त्यात तोंड घातलं तेव्हा तू मला मुद्दाम बोलावून दाखवलंस. "बग, जिच्यासाटी आनला तिला पटला." पुढे कुणीही पाव्हणा आला की त्याला आधी गोठा दाखवायचा, हा तुझा नेमच झाला. मी वरवर चिडायचो. खरं सांगायचं तर तू मला हसत होतीस याचंच बरं वाटायचं, कारण हसणारं माणूस गाडी जोडायला सांगत नाही.

राहिली ती बाहेरची कडी. एकदा तू आत असताना तान्हूबाईनं दार लोटलेलं पाहिलं आणि कुत्री जातील म्हणून सवयीनं बाहेरून कडी घातली. ही नदीवर धुणं घेऊन गेलेली, मी कामावर. ही परत येईपर्यंत तू आत अडकून पडलीस. त्या दिवसापासून तुझं सुरू झालं.

"ती भायेरची कडी काढ, सदा."

"कुत्री शिरतील."

"शिरूंदेत."

"फरशीवर घाण करतील."

"म्या धुईन."

चार महिन्यांनी पुन्हा तेच. दिवाळीला तेच, शिमग्याला तेच. माझं म्हणणं चूक नव्हतं, कुत्री शिरलीच असती. पण आज तुझ्यापुढे खोटं कशाला बोलू? कुत्र्यांसाठी मी ती कडी ठेवली नव्हती. डबा तुझा, कप्पी तुझी, आतली कडी तुझी. त्या न्हाणीत माझं म्हणून बाहेरची कडीच उरली होती. ती काढली असती तर टब चुकला, दार चुकलं आणि 'जा वेल्ह्याला' हेही चुकलं, असं सगळं एकदम कबूल करावं लागलं असतं. मला ते जमलं नाही. चार खिळ्यांचं काम, नऊ वर्षं.

शेवटच्या तापात तू माझ्याजवळ काही मागितलं असशील तर एकच. "एक डाव मला पान्याखाली उबं कर." मी म्हणालो, ताप उतरू दे. डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हणून बजावलं होतं, माझं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालीस. मी पुन्हा तेच सांगितलं. ताप काही उतरला नाही.

तू गेलीस त्या सकाळी आळीतल्या बायका जमल्या. रीतीप्रमाणे अंगणात पाट मांडला, चार जणींनी धोतराचा आडोसा धरला. तुझी भावजय पुढे झाली. माझ्यासमोर मोठ्यानं न बोलणारी बाई ती, पण त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, "वन्सं नऊ वरसं कुनाम्होरं न्हायल्या न्हाईत. आज बी न्हानार न्हाईत." बायका कुजबुजल्या. एक म्हातारी म्हणाली, असं कुठं असतं का? ही म्हणाली, "आमच्यात आसतं."

तुला मी आणि चुलतभावानं उचलून न्हाणीत नेलं. गरम पाण्याचा डबा मी भरला आणि दोर ओढून मीच वर चढवला. आयुष्यात पहिल्यांदा. केवढा जड आहे तो, आक्का! तू तो रोज चढवत होतीस, एका हातानं, दुसऱ्या हातानं दांडा धरून. मग ही आणि तान्हूबाई आत राहिल्या आणि आम्ही बाहेर आलो. आतून कडी वाजली. मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो. पाणी सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. डबा रिकामा होईपर्यंत मी वळलो नाही.

काल मी पेटीतून पकड काढली आणि बाहेरची कडी उचकटली. खिळे गंजले होते, सहज निघाले नाहीत. दारावर चार भोकं राहिली आहेत. "वेल्ह्याला जा म्हणालो ते चुकलं," असं तिथं उभ्या उभ्या म्हणालो. ऐकायला गोठ्यातली म्हैस तेवढी होती.

आता शेवटचं एक सांगतो, तू उलटून हसणार नसशील तर. आज सकाळी न्हाणीत गेलो तर आत कुत्रं. फरशीवर घाण केलेली आणि तुझ्या डब्याखाली गारव्याला अंग ताणून पडलेलं. म्हणजे नऊ वर्षं मी जे सांगत होतो तेच खरं ठरलं. मी त्याला हाकललं, बादली घेतली आणि फरशी धुतली. कडी काही परत लावणार नाही.